वजा दोन

शनिवार, सकाळचे साडेसात. हजर: दुसरीची चोवीस मुलं, मी आणि आमच्या चिकलठाण्याच्या शाळेसमोरचे शिंपीचाचा. गैरहजर: शाळेची मोजायची टेप. म्हणून तर चाचांना बोलावलं.

धडा लांबीचा होता. चाचांच्या टेपचे पहिले दोन सेंटिमीटर झिजून तुटलेत. त्यामुळं गिऱ्हाईकाची बाही असो की पोराची उंची, आकडा सांगितला की ते लगेच मान हलवून म्हणतात, "वजा दोन." मुलंही एका सुरात तेच म्हणायला लागली. वजाबाकीचा सराव आयता झाला. मी भिंतीवरच्या तक्त्यात उंची लिहीत गेले.

शेवटी सायरा आली. वर्गात सगळ्यात बुटकी. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, आणि त्यावरून रोज डोळ्यांत पाणी. तिनं हळूच टाचा उचलल्या.

"टाचा खाली, बेटा. बेइमानी नाय चालायची," चाचा म्हणाले. मग टेप लावून, "एकशे सतरा."

मुलं ओरडली, "चाचा, वजा दोन!"

"कायचं वजा दोन? हिच्या बारीला टेप नीट होती." माझ्याकडं न बघता त्यांनी टेप गुंडाळली. "लिहा, बाई."

रांगेत तिच्या मागं उभा राहणारा पार्थ एकशे सोळा होता. मी लिहिलं.

सोमवारपासून रांगेत पार्थ पहिला उभा राहतो आणि माझ्याकडं संशयानं बघतो. माझ्या कामांच्या यादीत एकच ओळ अजून खुणेवाचून राहिली आहे: सायराची उंची पुन्हा मोजणे.