दाताची राखीव जागा

दादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी राळेगावजवळच्या आमच्या शेतात कपाशी निंदत होते. रडू आलं नाही. महिना उलटला, अजून नाही. पेपरांत त्याचं कौतुक तेवढं वाचते आहे. हजारो वर्षांपूर्वीची माणसं कुठून चालत आली, हे माझा भाऊ म्हणे त्यांच्या हाडांतल्या डीएनएवरून सांगायचा. बरं बाप्पा. पुण्याहून स्वतःच्या घरची वाट मात्र त्याला सापडत नव्हती.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षी तो आला, शेतातल्या दगडांच्या रिंगणाखाली खोदायला. जुन्या काळची माणसं पुरायची जागा ती. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादहीच्या पूजेचा दहीभात आई तिथंच ठेवायची. "आपल्या आधीची म्हातारी निजली हाये," म्हणायची. खाली खरंच एक बाई निघाली. दादानं हातमोजे घालून तिचा एक दात काढला, कागदावर ठेवला अन् डबी आणायला वळला. तेवढ्यात आईनं दात उचलला, तांब्यातल्या पाण्यानं धुतला, पदरानं पुसला. तिचं म्हणणं, घरचं माणूस कोणी बिनआंघोळीचं पाठवतं का...

दादा भडकला. रागात त्याची वऱ्हाडी परत यायची. "तुहं अंग लागलं ना त्याले. आता मले काय सापडन, तूच. अडाणी ते अडाणीच." मजुरांसमोर बोलला हे. आई म्हणाली, "चुकलं बाबू. पण काम झालं का तिले आणून देजो. जागा राखून हाये."

खोदलेलं परत बुजवलं, पण दाताच्या जागेचा वाटीएवढा खड्डा आईनं बुजू दिला नाही, वर चपटा दगड ठेवला. दर दिवाळीला फोनवर विचारायची, "कधी आणशीन दात?" तो म्हणायचा, "आणतो." विचारता विचारताच ती गेली.

परवा वहिनी दादाच्या अस्थी घेऊन आल्या. आईच्या दगडाखाली ठेवा, असं तो सांगून गेला होता. मी म्हटलं, "आधी दात द्या."

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "वन्सं, तो तर तेव्हाच दळला. भुकटी केल्याशिवाय तपासता येत नाही. आणि निघाला तो डीएनए आईंचाच."

दळला. आणि माझ्या मायला म्हणत राहिला, आणतो... मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. अस्थी मी नदीत सोडायला लावल्या. वहिनी खूप रडल्या, त्यांचा काही दोष नव्हता.

आज पहिली वेचणी. दगड उचलून आत दहीभात ठेवला. दादाला तिथं जागा दिली नाही. आईनं ती आधीच त्या दाताला दिलेली आहे.