डोक्यावर पाटी असताना

पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरावर हौसाच्या शिव्या प्रसिद्ध होत्या. मुकादमाच्या सात पिढ्या ती एका दमात उद्धरायची, तोही तितक्याच चवीने परतफेड करायचा, आणि दुपारी दोघं एकाच सावलीत भाकरी खायची. मात्र डोक्यावर मिठाची पाटी असलेल्या बाईला तिथे कोणी शिवी देत नसे. भाराखाली मान वळत नाही. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याला काय बोलायचं?

स्वराज्य आलं आणि गोरा साहेब गेला. त्याच्या खुर्चीत आपल्यातलाच एक साहेब बसला, शिवी मात्र गोऱ्याचीच राहिली. बावन्न सालच्या उन्हाळ्यात बांधावर हौसाचा पाय घसरला, ओंजळभर मीठ सांडलं, आणि साहेब ओरडला, “ब्लडी बाई!”

हौसाने पाटी राशीवर रिती केली आणि तडक कचेरीत जाऊन कारकुनाला तक्रार लिहायला लावली. “त्यानं माफी मांगावी, येवढंच.”

चौकशीला वरचे अधिकारी आले, सोबत जाडजूड कोश. “बाई, याचा मूळ अर्थ रक्ताळलेला. कोणी म्हणतं, हा शब्द मेरीमातेच्या शपथेतून आला; कोणी म्हणतं, विलायतेतल्या दारुड्या सरदारपुत्रांवरून. आता नुसता बोलण्याला जोर यावा म्हणून वापरतात. यात शिवी कुठे आहे?”

“मना अर्थ नको, सायब. माज्या डोक्यावर पाटी व्हती.”

“पाटीचा इथे काय संबंध?”

मिठागराचा साहेब हसला. “ही स्वतः दिवसभर शिव्या देते, विचारा!”

“देते की. पन समोरचा मोकला बघून.”

हे कारकुनाने लिहून घेतलं नाही. निकाल मात्र लिहिला: शब्द निरुपद्रवी, तक्रार निराधार. त्या कागदावर अंगठा उठवला तरच काम मिळणार होतं. घरी नवरा काशिराम तापाने पडलेला. तिने अंगठा दिला.

आठवड्याभरात तो शब्द मिठागरावर सगळ्यांच्या तोंडी बसला. वरूनच निर्दोष ठरून आला होता ना! एका सकाळी भरली पाटी घेऊन ती बांध चढत होती. मागून तिचा सख्खा दीर दादू ओरडला, “चल ना ब्लडी वैनी, वाट सोड!” बायासुद्धा हसल्या.

पाटी उतरवून ती वळली. “दादू, तू पन?”

“ती शिवी नाय, वैनी. सायबानंच सांगितलंय.”

दुसऱ्या दिवसापासून हौसा पनवेलच्या बाजारात सुकट विकायला बसली. तिथे तिच्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई फार सोज्वळ आहे.