अम्मेचा नंबर

कौसाबाई माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. विठ्ठलवाडीला आम्ही एकाच घरात राहतो. भाऊजी गेल्यापासून आक्का कॅम्पात कामाला जाते. तिथं सिंधी निर्वासितांच्या बराकीत एका म्हातारीचं सगळं करायचं. न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, कपडे धुवायचे. म्हातारीच्या पायांत जीव नाही, म्हणून सकाळी तिला पाठुंगळीला घेऊन संडासापर्यंत न्यायचं. हे ऐकलं तेव्हाच मी म्हटलं, "मेलं हे कसलं काम! तू काय बैल आहेस?" आक्का नुसती हसली.

संडास लांब, आणि सगळ्या बराकींना मिळून तेवढेच. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या असायच्या. पाठीवरची म्हातारी बघून बाजूला व्हायच्या, "अम्मा, आप आगे जाओ." पण ही बया कसली ऐकते! "नहीं. मेरा नंबर आएगा." मग आक्का तिला उतरवायची आणि नंबर येईपर्यंत कमरेला धरून उभी करायची. सिंधमध्ये म्हणे मोठं घर होतं, ते तिकडंच राहिलं. इथं तिला कुणाची कीव नको होती, बस्स.

गेल्या थंडीत आक्काची कंबर धरली. तिनं अम्मेच्या मुलाला सांगितलं, खोलीतच भांडं ठेवू, आडोशाला गोणपाट लावू. मुलगा खूश. आक्कालाही वाटलं, म्हातारीची परवड थांबेल. तिनंच गोणपाट शिवलं, तिनंच खिळे ठोकले. पण खोली एकच. गोणपाटाच्या अलीकडं मुलगा, सून, नातवंडं, आणि मुलाकडं कापड घ्यायला दारात आलेली गिऱ्हाइकं. सगळ्यांना सगळं ऐकू जायचं. 

अम्मेचं जेवण मात्र कमी झालं. मग पाणीही. सून म्हणाली, वय झालं आता. डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं. कसली ताकद नि कसलं काय! आक्का घरी येऊन म्हणायची, "बकुळे, म्हातारी चालली गं." आणि स्वतःही अर्ध्या भाकरीवरून उठायची. मला दोघींचाही राग यायचा.

एक दिवस आक्कानं पाण्याचा पेला अम्मेच्या तोंडाला लावला तर तिनं मान फिरवली. गोणपाटाकडं बोट करून म्हणाली, "पियूँगी तो उधर बैठना पड़ेगा."

त्या दिवशी आक्का घरी आली ती रडतच. "अगं, मी तिला आडोसा केला म्हणत होते. उपाशी मारत होते मी तिला!"

दुसऱ्या दिवशी कमरेला जुनं धडपं आवळून ती अम्मेला पुन्हा पाठीवरून न्यायला निघाली. वाटेत पडेल म्हणून मीही गेले, डबा घेऊन. रांगेतल्या बायका सरकल्या. अम्मेच्या तोंडून आवाज फुटेना, पण मान हलली. नाही म्हणजे नाही. एका बाजूनं आक्कानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. नुसती हाडं उरलेली, तरी माझे हात भरून आले. मनात म्हटलं, धन्य आहे तुझी बाई! नंबर येईस्तोवर तिनं आम्हांला हलू दिलं नाही.

संध्याकाळी आक्का आली आणि ओटीवरच पालथी पडली. तेल चोळता चोळता मी चिडले, "उद्या जायचं नाही, सांगून ठेवते. मरशील अशानं."

"आज जेवली गं ती," आक्का म्हणाली. "दोन रोट्या खाल्ल्या, वर मागून ताक प्यायली. उद्या दोनदा न्यावं लागेल."