दहाबोटे आणि रॅमच्या चार पट्ट्या

पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर ज्यांची उभी हयात जाते, त्यांच्यातला एखाददुसराच सगळी बोटं शाबूत ठेवून निवृत्त होतो. ज्यांची ही गोष्ट, ते त्यातलेच. म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं दहाबोटे, आणि खरं आडनाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. त्यांचा नियम साधा होता. मशीन विचित्र वागलं की आधी स्विच बंद, विचार मागाहून. विचार आधी करणाऱ्यांची बोटं त्यांनी पाहिली होती. हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरातला मिक्सर जरा कुरकुरला तरी ते चटणी अर्धवट ठेवून प्लग काढायचे.

त्यांची बायको दवाखान्याच्या खिडकीवर बसून पेशंटची नावं पुकारायची. घरातही बोलायचं खातं तिच्याचकडे होतं. दहाबोटे हो म्हणायचे. मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजायचं तिला सगळं. शब्द तेवढा ओठापर्यंत येऊन माघारी जायचा. ती धडपडायला लागली की दहाबोट्यांचा जीव कासावीस व्हायचा, आणि ते मदतीला धावायचे. "पाणी? उशी? पंखा कमी करू?" असं एका दमात विचारून, उत्तराच्या आत ते पंखा कमी करूनही यायचे. माया होती हो त्यात, पण घाम तिला फुटायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की सुरुवातीचे हे महिने फार मोलाचे. रोज सराव झाला तर वाचा परत येईल, नाहीतर मग अवघड होत जाईल. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता. तो चित्र दाखवतो, माणसाचं बोलणं ऐकतो आणि चूक समजावून सांगतो. परगावी असलेल्या मुलाने नवाकोरा कॉम्प्युटर पाठवला, पण प्रोग्रॅम मध्येच अडखळायचा. रॅम कमी पडते म्हणून मुलाने आणखी दोन पट्ट्या धाडल्या आणि त्या कशा बसवायच्या ते फोनवर सांगितलं. दहाबोट्यांना त्या दोन पट्ट्यांत बायकोचा आवाजच घरी आल्यासारखा वाटला.

जेवणं झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर टेबलावर चढवला, पेटीची बाजू उघडली आणि उजेडासाठी ती खिडकीकडे वळवली. खिडकीपाशी बायकोची खुर्ची होती. ते स्वतः दुसऱ्या बाजूला, स्क्रीनसमोर बसले. दोन जुन्या, दोन नव्या अशा चारही पट्ट्या खट्ट आवाज होईपर्यंत बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन मात्र काळा ठिक्कर. दहाबोट्यांनी झटकन स्विच बंद केला.

मग सुरू झाली चौकशी. नव्या पट्ट्या काढल्या, तर कॉम्प्युटर सुरळीत चालू. जुन्या काढून नव्या लावल्या, तरी चालू. एकेक पट्टी एकेका खाचेत घालून पाहिली, प्रत्येक वेळी चालू. चौघी एकत्र आल्या की सगळं ठप्प. चार जणी जमल्यावर गप्प बसतात हे आयुष्यात प्रथमच बघतोय, असं ते बायकोला म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. तिने अर्ध्या ओठाने हसून दाखवलं.

मुलाचा फोन कामाच्या वेळेत बंद असायचा. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला की पट्ट्यांची टोकं खोडरबराने घासून बघा. घासली. पट्ट्यांची अदलाबदल केली. पेटीत फुंकर मारली, मग फुंकरेने थुंकी गेली असेल म्हणून फडक्याने पुसलं. दर वेळी तेच: पंखे फिरायचे, पडदा काळा, आणि अंगवळणी पडलेला हात स्विचकडे. चोर एकही नाही आणि चोरी तर झालेली! दहाबोट्यांचं डोकं गरगरायला लागलं.

इकडे बायको मधूनमधून ओठ हलवत होती. त्यांनी तिला पाणी दिलं, चहा दिला, पाठीमागची उशी काढली, पुन्हा लावली. शेवटी तिने डोळे मिटून घेतले. तिला झोप आली असावी, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सूर्य कलला तसा त्यांचा धीर सुटला. आपल्या हातून हे होणार नाही, सराव बुडणार, आणि ही जन्मभर अशीच आपल्याकडे बघत राहणार, या विचाराने त्यांना रडू यायला लागलं. एकदा शेवटचं म्हणून त्यांनी चारही पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. हात स्विचकडे गेला आणि बायकोने पलीकडून डावा हात लांबवून त्यांचं मनगट धरलं.

"काय गं? दुखतंय का? आडवं व्हायचंय?" ते म्हणाले. तिने हात सोडला नाही. हिसका दिला असता तर तो सहज सुटला असता. पण आजारपणात तिने असं आपणहून घट्ट धरलं नव्हतं, म्हणून ते तसेच बसून राहिले. समोर काळा पडदा, मनगटावर तिचा हात. किती वेळ गेला कोण जाणे. तिची पकड सैल झाली, तरी त्यांनी हात हलवला नाही.

मग पंख्यांचा आवाज एकदम खाली आला आणि पडदा उजळला. रॅम पूर्ण. चारही पट्ट्या हजर.

दहाबोटे चक्रावले. आपण या खेपेला केलं काय? काहीच तर नाही. ते उठून तिच्या बाजूला आले. उघड्या पेटीत बोर्डाच्या कोपऱ्यात मोहरीएवढा दिवा होता. तिने बोटाने तो दाखवला, मग बोटं उघडमीट करून दाखवली. पडदा काळा असताना हा दिवा लुकलुकत होता तर! आत चौघींची एकमेकींशी जुळवाजुळव चालली असणार, आणि दर वेळी ते पुरं व्हायच्या आत यांनी स्विच बंद केला होता. बायको दुपारभर बघत होती.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" त्यांच्या तोंडून गेलं, आणि सवयीने पुढचं उत्तरही तोंडात आलं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.

तिचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले.

"विचारलंत..." ती म्हणाली, आणि बऱ्याच वेळाने, "...कुठे?"

दुपारभर दुसरं काय करत होतो, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तिचं वाक्य संपलं की अजून बाकी आहे, ते त्यांना कळेना. म्हणून ते खाली बसले आणि थांबले.