चोवीस तासांआधी

माझा स्वभाव तापट. लॅबच्या दारात कुणी घुटमळलं की मी खेकसतेच. पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवरून आलेल्या त्या बाईंवर खेकसणं मला जमलं नाही. शेळ्या जावेच्या भरवशावर टाकून त्या नवऱ्याला भोरला, आमच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. शुगर होती, त्यात पायाची जखम चिघळलेली. दोन औषधं देऊन झाली तरी ताप हटेना. तिसरंही लागू पडलं नाही तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तिसरं औषध कोणतं, ते माझ्या प्लेटवरून ठरणार होतं. पुवातले जंतू मी प्लेटभर पसरले, वर वेगवेगळ्या औषधांच्या इवल्या चकत्या ठेवल्या आणि दुपारी तीनला प्लेट इनक्युबेटरमध्ये सारली. ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो, ते औषध चालतं. काही जंतूंसाठी पुरे चोवीस तास थांबावं लागतं. हे जंतू त्यातलेच. नव्या पोरींना मीच हे दरडावून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई दारात उभ्या. "ताई, आलं का वं? मालकांचा पाय काळा पडाय लागलाय."

'दुपारी या' म्हणायला माझी जीभ रेटेना. प्लेट काढली. एका साध्या औषधाभोवती गोल लख्ख होता. मला इतका आनंद झाला, की मी तिथंच रिपोर्ट लिहून दिला. बाई माझ्या पाया पडायला वाकल्या.

तीन वाजता प्लेट टाकून देण्याआधी सहज उजेडात धरली. त्या लख्ख गोलात धुरकट, बारीक थर उगवला होता. म्हणजे सकाळी मी लिहून दिलेलं औषध या जंतूंवर चालणार नव्हतं. प्लेट टाकून दिली असती तर कुणाला काय कळणार होतं? हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू.

प्लेट घेऊन वॉर्डात गेले आणि बाईंच्या देखतच डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले, आणि चिडणारच. दुसऱ्या एका औषधाचा गोल अजून स्वच्छ होता. ते रिपोर्टात होतं, पण किडनीला जड, म्हणून सकाळी ते टाळून त्यांनी साधं औषध सुरू केलं होतं. आता तेच सुरू केलं.

मला रडू आवरेना. बाईच म्हणाल्या, "घाईत शेळ्या मोजल्या की आमचंबी चुकतंय. परत मोजतो की आमी. तुमी मोजल्या न्हवं परत?"

पाय वाचला. करंगळी मात्र काढावी लागली. ती आधीच गेली होती, की माझ्या त्या आठ तासांत गेली, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. विचारायची माझीही अजून छाती झालेली नाही.