गळाबंद निळा झगा

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझी सासू नाही. बँडवाला आहे, आइस्क्रीमची तिसरी वाटी उचलताना पकडले गेलेले कुणाचे तरी मामा आहेत, मंडपात शिरलेलं कुत्रंसुद्धा दोनदा आहे. सासूबाई नाहीत. एका ग्रुप फोटोच्या डाव्या कडेला हिरव्या पदराचं टोक दिसतं, ते त्यांचं, असं नवरा सांगतो.

आमचं लग्न आम्ही दोघांनीच ठरवलेलं, जाती वेगळ्या. तेव्हा सासूबाई फक्त "तुमचं तुम्ही बघा" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यामुळे अल्बम हातात आल्यावर मी जे समजायचं ते समजले. बाई लग्नाला आल्या, जेवल्या, आहेरही केला, पण माझ्या शेजारी उभं राहायचं तेवढं टाळलं. मी तोंडाची फटकळ आहे, पण हे सासूबाईंना कधी बोलून दाखवलं नाही. मनात धरून ठेवलं आणि नऊ वर्षं नीट जपलं.

२०१७च्या उन्हाळ्यात त्या पहिल्यांदा आमच्याकडे न्युरेम्बर्गला आल्या. सासरे विमानाला घाबरतात, म्हणून एकट्याच आल्या, तीन महिन्यांसाठी. भर ऑगस्टात पूर्ण बाह्यांचं बंद गळ्याचं ब्लाउज आणि वर गळ्याभोवती स्कार्फ. "मला बाई थंडी सोसत नाही," म्हणायच्या. स्वयंपाकघर त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं आणि आमची पाच वर्षांची लेक दुसऱ्या दिवशी. आजी मराठीत बोलायची, नात जर्मनमध्ये उत्तरं द्यायची, आणि दोघींचं मजेत चाललेलं असायचं.

लेकीच्या किंडरगार्टनमध्ये तेव्हा प्रत्येक मुलाने आपल्या कुटुंबाचा तक्ता करून भिंतीवर लावायचा होता. आईबाबा, दोन्हीकडचे आजीआजोबा, प्रत्येकाचा एक फोटो. माझ्या आईवडिलांचे ढिगाने होते. सासऱ्यांचा मिळाला. सासूबाईंचा एकही नाही. माझ्या फोनमध्ये त्यांची पाठ होती, पोळी लाटणारे हात होते, दारातून बाहेर पडणारी साडी होती. मी फोन उचलला रे उचलला की बाईंचं दूध उतू जायला लागायचं. शेवटी लेकीने त्या जागी पेन्सिलने एक रिकामा गोल काढला आणि सगळ्यांना सांगितलं, "दीझे ओमा हाट काइन गेझिश्ट." ह्या आजीला चेहरा नाही.

त्या दिवशी तिथल्या शिक्षिकेने मला बाजूला घेतलं, दंडावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "तिची ही आजी वारली का?"

मी उभ्या जागी गार पडले. वारली? अहो, ती बाई ह्या क्षणी माझ्या घरात साबुदाणा भिजवत होती!

घरी येऊन मी नवऱ्यावर तोफ डागली. "सोमवारपर्यंत मला तुझ्या आईचा फोटो हवाय. हॅम्बर्गला जातोय ना शनिवारी, तिथे काढणार म्हणजे काढणार."

"नको गं तिच्या मागे लागू."

"का? माझ्या शेजारी नाही उभं राहायचं, समजू शकते. नातीच्या शेजारीही नाही का राहायचं?"

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग डिशवॉशर लावायला लागला. त्याचं हे नेहमीचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

हॅम्बर्गला अर्थातच पाऊस होता. बंदरातल्या फेरीबोटीत बसून झालं, मोठमोठी जहाजं बघून झाली, आणि परत येताना एका गल्लीत लेक एका काचेला चिकटून उभी राहिली. आत जुन्या पद्धतीचे चिनी पोशाख टांगले होते. घोळदार, भरतकाम केलेले, बाह्या जमिनीपर्यंत. एक चिनी बाई ते तासाच्या भाड्याने द्यायची, अंगावर चढवायची, केसात फुलं खोचायची आणि दुकानामागच्या विटांच्या चौकात आपणच फोटो काढून द्यायची. हिंडायला आलेल्या लोकांची बरीच गर्दी होती.

"इश आउख! इश आउख!" मलापण, मलापण, म्हणून लेकीने ताल धरला. मी सासूबाईंकडे बघितलं. ह्या बाई दुकानातून नवाकोरा आणलेला परकरसुद्धा भिजवल्याशिवाय घालत नाहीत. दुसऱ्याच्या अंगावरचं त्या कशाला शिवतील? मी लेकीला ओढून न्यायच्या बेतात होते, इतक्यात मागून आवाज आला.

"मला तो निळा."

मी मागे वळले. सासूबाई काचेतल्या एका झग्याकडे बोट दाखवत होत्या. हनुवटीपर्यंत बंद गळा, त्याला पितळी बटण, बोटांच्या टोकाखाली जाणाऱ्या बाह्या.

"आई, तुम्ही? घालणार?"

"का गं? मला काय शोभायचा नाही?"

नवरा तर बघतच राहिला. म्हटलं, फिरली बाईंची मर्जी, आता मागेपुढे बघायचं नाही. ढकललंच मी सगळ्यांना आत.

लेकीला लाल मिळाला, मला मोरपिशी. नवऱ्याने स्वतःहून पिशव्या सांभाळायचं काम घेतलं. दुकानातल्या बाईने नियम सांगितले, ते मी सासूबाईंना मराठीत सांगत होते. चपला इथे काढायच्या. आत काही खायचं नाही. आणि कपडा चढवायच्या आधी प्रत्येकीची मान ओल्या रुमालाने पुसायची, कारण मेकअपचा रंग गळपट्टीला लागला की रेशमावरून निघत नाही.

"मान पुसायची?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन मिनिटांचं काम आहे, आई."

ती बाई कागदी ओला रुमाल घेऊन त्यांच्यापर्यंत आली आणि हसत हसत स्कार्फला हात लावला. सासूबाई अशा काही मागे सरल्या, की टोप्यांचा स्टँड हलला आणि दोन टोप्या खाली पडल्या. दुकानातले सगळे बघायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं. एवढं घट्ट त्यांनी मला कधी धरलं नव्हतं.

"हिला जायला सांग. तू ये आत."

पडद्यामागे आम्ही तिघी. लेक लाल झग्यात आरशासमोर गिरक्या घेत होती. सासूबाईंनी स्कार्फ काढला आणि मान माझ्याकडे केली. "पूस."

मी कानाखालून सुरुवात केली. रुमाल तपकिरी झाला. मला वाटलं, बाई पावडर लावतात आणि आम्हाला पत्ता नाही! हसूच येणार होतं. मग रंगाखालची कातडी दिसली. पांढरी. कानामागून निघून गळ्याच्या हाडापर्यंत गेलेला पांढरा डाग, कडेला फिकट गुलाबी. माझा हात तिथेच थांबला. सासूबाईंनी स्वतःच ब्लाउजची बटणं काढली आणि ते खांद्यावरून खाली केलं. दोन्ही दंड. पाठ. सगळीकडे.

"बघून घे एकदा," त्या म्हणाल्या. "कोड आहे. लागण होत नाही त्याची."

जसं काही मला ते माहीत नव्हतं. अहो, माहीत होतं की! शाळेपासून माहीत होतं.

"कधीपासून?" कसंबसं विचारलं.

"तुमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी मानेवर आलं. तेव्हाच तुझ्या नणंदेचं जमत आलं होतं. याद्या करायच्या बाकी होत्या. त्या लोकांनी घरच्यांचा फोटो मागितला. मी लावला होता रंग, पण फ्लॅशमध्ये तेवढीच जागा वेगळी दिसली. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. खरं कारण मध्यस्थाने सांगितलं." त्या आरशात बघून बोलत होत्या. "मग तुमचं लग्न निघालं. अल्बम काय एका घरात राहतो? गावभर फिरतो. आणि पोरगी लग्नाची होती माझी. म्हटलं, आपण कशातच दिसायला नको."

"आणि मी समजत होते..."

"काय?"

"तुम्हाला मी पसंत नव्हते."

त्या गर्रकन वळल्या. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त धक्का बसला होता. "अगं वेडे! नऊ वर्षं हे घेऊन बसलीस? विचारायचंस तरी!"

"ह्याला माहीत आहे?"

"मीच शपथ घातली होती त्याला. पोरीचं होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही म्हणून. गेल्या वर्षी झालं तिचं, पण तिच्या सासरी अजून ठाऊक नाही. मग तसंच चालू राहिलं."

बाहेर पिशव्या धरून उभ्या असलेल्या त्या माणसाचा मला इतका राग आला, की पडदा फाडून जावं. नऊ वर्षं मी त्याच्या आईबद्दल काय काय बोलले होते, आणि हा भांडी लावत बसला!

तो राग कितीसा टिकला? अर्धं मिनिट. कारण त्यानंतर मी जे केलं, ते मला आजही खरं वाटत नाही. मी लेकीला जवळ ओढलं. तिचे केस वर केले, कानांमागे बघितलं, मान उजेडाकडे वळवली. तिच्या झग्याची नाडी सैल केली आणि पाठ बघितली, खालपर्यंत. दंड उचलून काखेत बघितलं. मी काय करतेय हे मला कळतच नव्हतं, हात आपले आपण चालले होते. "ममा, दास किट्झेल्ट!" गुदगुल्या होतात, म्हणून ती खिदळायला लागली. मी मान वर केली तर आरशात सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला. दोन पदव्या, जर्मन कंपनीतली नोकरी, सगळं त्या एका आरशात उघडं पडलं होतं.

"मीही बघते," त्या हळूच म्हणाल्या. "आंघोळ घालताना. रोज. अजून काही नाही."

माझी समजूत घालत होत्या त्या! मी त्यांच्या उघड्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले. त्यांनी थोडा वेळ थोपटलं आणि म्हणाल्या, "चल, तासाने घेतलेत ना कपडे?"

मी त्यांना निळा झगा चढवला. आतल्या नाड्या बांधल्या, बाह्या सारख्या केल्या, हनुवटीखालचं पितळी बटण लावलं. हाच का हवा होता, ते मला तेव्हा उमगलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा नवऱ्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्या डोळ्यांकडे, आणि बिचारा पांढराफटक पडला. "तुझ्याशी मी घरी बोलते," एवढंच मी म्हटलं.

चौकात पाऊस थांबला होता. पहिले चार-पाच फोटो सासूबाई वर्गाच्या मॉनिटरसारख्या ताठ बसल्या. मग नात त्यांच्या मांडीवर चढली आणि तिने दोन्ही हातांनी गळ्याला मिठी मारली. बटण निसटलं. गळा एका बाजूला उघडा पडला.

"आई, गळा," मी खुणेने सांगितलं.

त्यांचा हात वर गेला. बटणापाशी थांबला. मग खाली आला आणि नातीच्या पाठीवर जाऊन बसला. नात कानात काहीतरी जर्मन पुटपुटली, ते त्यांना कळणं शक्यच नव्हतं, पण त्या हसल्या. अशा मोकळ्या, दात दाखवून हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानातल्या बाईने तो क्षण बरोबर टिपला.

रविवारी घरी पोचलो तेव्हा फोटो मेलवर आलेले होते. नवऱ्याशी माझं बोलणं झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग आम्ही सगळे लॅपटॉपसमोर बसलो. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक फोटो पाहिला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"शाळेत हा दे."

तोच. हसणारा, उघड्या गळ्याचा.

"आई, ह्यात दिसतंय."

"दिसू दे. इथे मला कोण ओळखतंय? तुझ्या नणंदेच्या सासरचं कोणी येणार आहे होय तुमच्या बालवाडीत? तिकडे जन्मभर लपवायचंच आहे. एका ठिकाणी तरी आहे तशी राहू दे मला."

"हो, आई," मी म्हटलं, आणि त्या वेळी मनापासून म्हटलं.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना मी फोटो छापायच्या मशीनसमोर उभी राहिले. पडद्यावर दोन चौकोन शेजारी शेजारी होते. एकात ताठ बसलेली, गळाबंद, कोणाचीही असू शकेल अशी आजी. दुसऱ्यात सासूबाई. लेकीच्या गटात आणखी दोन मराठी मुलं होती. त्यांच्या आया रोज त्या भिंतीपाशी थांबायच्या, फोटो काढायच्या, भारतात घरी पाठवायच्या. लेक पाच वर्षांची होती. पंचवीसची कधी होईल, कुठे होईल, कोणाच्या घरात जाईल, काहीच माहीत नव्हतं. मागे एक म्हातारे जर्मन गृहस्थ खोकले, त्यांनाही फोटो छापायचे होते. मी बटण दाबलं.

गुरुवारी सासूबाई माझ्याबरोबर नातीला आणायला आल्या. खास इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. नातीने हात धरून त्यांना तक्त्यासमोर नेलं. "शाऊ, ओमा!" बघ, आजी! त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला आणि वाकून बघितलं. गोलाच्या जागी त्यांचा चेहरा होता आणि पितळी बटण हनुवटीखाली घट्ट लावलेलं होतं.

"तो दुसरा जरा हलला होता, आई," मी म्हणाले. "नीट छापून येईना, म्हणून हा दिला."

त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पर्समध्ये ठेवली, आणि जाता जाता एका हाताने मानेवरचा स्कार्फ सारखा केला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि नातीचे बूट शोधायला गेल्या.

तो फोटो हललेला नव्हता.