गेटचा फोन जागेवरून हलला

माधवनगरजवळच्या एका सूतगिरणीत मी गेटवर आहे. चौथी शिकलोय, आकडे वाचता येतात. घरात मोबाइल एकच, तो बायकोजवळ. तिला दम्याचा त्रास, म्हणून मीच तो घरी ठेवायचो. जेवणाच्या सुट्टीत ती गिरणीत फोन लावायची. रेकॉर्डमधली बाई बोलली की एकवीस दाबायची. एकवीस म्हणजे गेट. "आवं, जेवलासा का?" एवढंच विचारायची. तेवढ्यात तिचा श्वास कसा चाललाय ते मला कळायचं.

काही वर्षांमागं दसऱ्याच्या आधी गिरणीत फोनची नवी सिस्टीम बसली. कराडहून एक बाई लॅपटॉप घेऊन आली. तिनं एकेका फोनला नंबर दिला, गेटचा एकवीसच ठेवला. बाहेर कुणाला फोन लावता येईल, कुणाला नाही, तेही ठरवून दिलं. जाताना म्हणाली, "मामा, आता नंबर वायरीत नसतो, फोनमध्येच असतो. फोन दुसऱ्या टेबलावर नेला, की नंबरही तिकडंच जाणार."

मी मान हलवली. साहेबांनीही हलवली. कळलं कुणालाच नव्हतं.

खंडेनवमीला गिरणीत सगळी अवजारं पूजतात. पाने, कात्र्या, वजनकाटा, तसे फोनही. सगळे काढले, पुसले, सतरंजीवर मांडले, हळदकुंकू लावलं. संध्याकाळी ज्याच्या हाताला जो लागला तो त्यानं नेऊन जोडला. दरसाल असंच करायचो. फोन सगळे काळे, सारखेच.

दुसऱ्या दिवशी दसरा. गिरणी बंद, गेटवर मी एकटा. सकाळीच तिला धाप लागलेली. मी घुटमळलो तर म्हणाली, "जावा. लागलं तर फोन करते."

जेवणाची वेळ झाली तरी माझा फोन गप्प. मग कुठंतरी वाजायला लागला. लांब, हिशेबाच्या ऑफिसात. ऑफिसला कुलूप. वाजून वाजून थांबला. परत वाजला. सणादिवशी तिथं कोण फोन करणार? तो थांबल्यावर मी गेटचा फोन उचलून एकवीस दाबला.

ऑफिसातला फोन वाजायला लागला.

घरचा नंबर लावला, तर रेकॉर्डमधली बाई म्हणाली, या फोनवरून बाहेर फोन लावायची परवानगी नाही. पूजेनंतरच्या अदलाबदलीत गेटवर गोदामाचा फोन जोडला गेला होता, गेटचा ऑफिसात. ऑफिसात पुन्हा वाजायला लागलं. दाराला लाथा घातल्या, दार काय हलंना. ती बोलावतीय हे ऐकू येतंय आणि उचलता येत नाही. मग वाजायचंच थांबलं. ते जास्त वाईट.

गेट उघडं टाकून रस्त्यावर पळालो आणि एका टेम्पोला आडवा झालो.

"म्हाताऱ्या, मरायचंय व्हय रं?"

"फोन दे गड्या. बायको मरतीया."

त्यानं नंबर विचारून लावला. कानाला धरून बसला. "उचलंनात. फोन ऱ्हाऊ द्या, बसा आत. घरीच सोडतो."

ती उंबऱ्यात बसलेली. ओठ निळे, मोबाइल मुठीत. टेम्पोतच घातली आणि सांगलीला दवाखान्यात नेली. वाचली. तोंडावरचा मास्क काढल्यावर पहिलं बोलली, "वाजत व्हता की. उचलला का न्हाई? मला वाटलं, तुमालाच काय झालं."

कराडची बाई परत आली तेव्हा मी तिच्यामागं टेबलाटेबलावर फिरलो. एकेक फोन वाजवून घेतला, मगच तिला सोडलं.

यंदा पावसाळ्यात बायको गेली. तेव्हा मी उशाशीच होतो, फोनचं काही काम नव्हतं. अजून जेवणाच्या सुट्टीत मला घास गिळवत नाही.

परवा खंडेनवमीला दोघं कामगार गेटवरचा फोन न्यायला आले.

"हात लावायचा न्हाई."

"आवं मामा, पूजेला न्यायचाय."

"मग ताट हिकडं आणा."

त्यातला एक पटकन बोलून गेला, "आता तुमाला कोण फोन करतंय?"

दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. मी म्हणालो, "तुज्या बायकूला गेटचा नंबर ठावं हाय का?"

"न्हाई."

"मग आज घरी जाऊन सांग. एकवीस."

त्यानं ताट आणलं. वायर न काढता मी फोनला कुंकू लावलं.